मोटारसायकल येते, माणूस येत नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील संधी’. मी आधी हो म्हटलं आणि दोन दिवसांनी फोन करून विषय बदलून मागितला. त्या विषयावर माझ्यापेक्षा चांगलं बोलतील असे आपल्या शाळेचे पंधरा-वीस जण तरी आता पुण्या-हैदराबादेत आहेत. मला बोलायचंय बटेरीवर.

मागच्या दोन बाकांवरून हसू आलं ते मी ऐकलं. कोण हसलं तेही कळलं. त्यातल्या दोघांनी आठवीत असताना डब्यात भाजलेली बटेर आणली होती. मधल्या सुट्टीत सायकल स्टँडमागे ती वाटून खाल्ली तेव्हा एक तंगडी माझ्या वाट्याला आली होती. चव अजून लक्षात आहे. म्हणजे आज मी इथं काही सोवळ्यात उभी नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचं घर वैनगंगेच्या पलीकडे आणि शाळा अलीकडे. मी जन्मले तेव्हा दोन्ही काठ एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला आणि पुढे मी रोज जिल्हा ओलांडून शाळेत येणारी मुलगी झाले. इकडे धानाच्या बांध्या, बोडी, मोहाची झाडं; तिकडेही तेच. बटेरांना जिल्हा वेगळा झाल्याचं कुणी कळवलं नव्हतं.

तर गोष्ट २०२० च्या जून महिन्यातली. कंपनीनं घरूनच काम करा म्हटल्यावर मी ई-पास काढून आईकडे आले. पंधरा दिवसांसाठी आले आणि सोळा महिने राहिले. आमच्या घरात फोनला नेटवर्क नाही. ते मिळतं मागच्या बांधीच्या धुऱ्यावर, तेही बाभळीखाली खुर्ची टाकली तर. तेच माझं ऑफिस झालं. पहिल्याच आठवड्यात मीटिंग चालू असताना बंगलोरच्या एका सहकाऱ्यानं विचारलं, ‘मागे कुणी मोटारसायकल चालू ठेवली आहे का? जरा बंद करायला सांगाल?’

आवाज मलाही येत होता. लांबून, ड्रर्रर्रर्र करत. वाढत जायचा, आता गाडी वळणावर दिसेल असं वाटायचं आणि एकदम बंद. टाळेबंदीत पोलिसांना चुकवून कोण फिरतंय म्हणून मी तीन दिवस त्या वळणाकडे बघत होते. मोटारसायकल येत होती, माणूस काही येत नव्हता.

चौथ्या दिवशी शेजारच्या वाडीतला सातवीतला एक मुलगा म्हशी घेऊन चालला होता. माझं बघणं बघून तो म्हणाला, ‘बाई, थे गाडी नोहे. बटेर होय. मादी बोंबलून रायली.’

मी म्हटलं, मादी नसेल, नर असेल. कोंबडा बांग देतो, मोर नाचतो, आमराईत गातो तोही नर कोकीळच. पक्ष्यांत आवाज करायचं काम नराचं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मोठ्या माणसाचं चुकीचं ऐकून घ्यायची आपल्याकडच्या मुलांना चांगली सवय असते. मग म्हशी घेऊन गेला.

रात्री मी सलीम अलींचं पुस्तक काढलं आणि ओशाळले. मुलगा बरोबर होता. आपल्या बांधीत मोटारसायकलसारखा आवाज काढणारा पक्षी म्हणजे दुर्लाव. त्याच्यात मादी आकारानं मोठी आणि रंगानं ठसठशीत, गळ्यापासून छातीपर्यंत काळी. ती ओरडून नराला बोलावते. दुसरी मादी हद्दीत आली तर तिच्याशी भांडते. गवतात उथळ खळगा करून त्यात बहुधा चार अंडी घालते आणि निघून जाते, दुसऱ्या नराकडे. अंड्यांवर बसतो तो बाप. बारा-तेरा दिवसांत पिल्लं निघतात आणि वाळली की लगेच बापामागे चालू लागतात. त्यांना भरवतो तो, पंखाखाली घेतो तोही तोच.

हे वाचून मी आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘बरं आहे तिचं.’

आता थोडं नावांबद्दल, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. बटेर, लावा, लाव्हरी अशा दोन-तीन नावांच्या टोपलीत आपण निदान चार वेगळे पक्षी कोंबतो. पहिली पावसाळी बटेर. पाऊस पडला की धुऱ्यावरच्या गवतातून ‘व्हिट-व्हिट, व्हिट-व्हिट’ अशी दोन-दोन ठोक्यांची शीळ येते ती हिची. दुसरी राखी बटेर, थंडीत उत्तरेकडून येणारी पाहुणी. मुठीएवढा, शंभरेक ग्रॅमचा पक्षी, आणि डोंगर ओलांडून येतो. तिसरा जंगली लावा, झुडपी रानात टोळीनं राहणारा, बाराही महिने इथलाच. आणि चौथा हा दुर्लाव, जो दिसतो बटेरीसारखा पण बटेर नाहीच. पूर्वी त्याला क्रौंचाच्या गटात धरत. डीएनए तपासल्यावर कळलं की त्याचं गोत्र टिटवी आणि कुरव यांच्याकडचं. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा एकीला इतका आनंद झाला, जणू तिच्या वर्गातल्या मुलीचा मामा तिच्याच गावचा निघाला.

मुलं म्हणजे कोणती? शाळा बंद होत्या. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांना ऑनलाइन वर्गही नव्हता. म्हशीवाल्या मुलाशी मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बोलले, चूक कबूल केली, आणि आठवड्याभरात धुऱ्यावर अकरा मुलं जमायला लागली. तोंडाला गमछा आणि प्रत्येकाला एक-एक पळस नेमून दिलेला, म्हणजे अंतर आपोआप राही.

शिकवायला बटेरच का, असं मला पुण्यात विचारतात. चंद्रपूर म्हटलं की लोकांना वाघ हवा असतो. खरं कारण वाघच आहे. आमच्या लहानपणी ‘जा, रानात फिरून या’ म्हणत. आज कुठली आई म्हणेल? ताडोबाच्या बाहेर, ब्रह्मपुरीकडच्या पट्ट्यात, धानाच्या बांध्यांना लागून वाघ आहेत आणि सरपणाला, मोहफुलाला गेलेली माणसं परत आली नाहीत अशी घरं आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहेत. ज्या मुलांच्या गावाला जंगलाचा वेढा आहे तीच मुलं जंगलात पाऊल टाकू शकत नाहीत. मग उरतं काय, तर घरामागचा धुरा, बोडीची पाळ, शाळेमागची पडीक. तिथं वाघ नाही. तिथं जे राहतं त्यात सगळ्यात रोचक बटेर आहे.

मी अभियंता आहे, शिक्षिका नाही. त्यामुळे पहिले काही वर्ग मी स्लाइडवर घेतले, लॅपटॉपवर, उन्हात, आणि कुणाला काही दिसलं नाही. मग ते सोडलं. पुढचं शिक्षण चिखलात झालं. रोवणीआधी बांधीचा चिखल मऊ असतो, त्यात ठसे छान उमटतात. बटेरीला पुढे तीन बोटं आणि मागे एक बारीक बोट. दुर्लावाला मागचं बोटच नाही, तीनच. सहावीतल्या एका मुलीनं पाच मिनिटांत सगळा धुरा वाचून दाखवला: इथून तीनबोटी गेला, इथं चारबोटी, आणि इथं मांजर. मी अॅपवर पक्ष्यांचे आवाज ओळखत बसले होते, ती तोवर बोडीपर्यंत पोचली होती.

जंगली लाव्यांचा तर आम्ही खेळच केला. हे पक्षी रात्री जमिनीवर गोल करून बसतात, अंगाला अंग लावून, तोंडं बाहेर. कुठूनही शत्रू आला तरी कुणातरी एकाला दिसतोच. आणि पाय अगदी जवळ येईपर्यंत हलत नाहीत. मग एकदम फर्रर्र करून दहा दिशांना दहा उडतात. रानात कुणाच्या पायाखालून असे उडाले असतील त्याला माहीत आहे, काळीज तोंडात येतं. शत्रू कुणाच्या मागे जावं ह्या विचारात पडतो आणि सगळे सुटतात. थोड्या वेळानं शीळ घालून एकमेकांना शोधत परत गोळा होतात. मुलं तशी पाठीला पाठ लावून बसायची, एकजण मुंगूस व्हायचा. उडायचं सगळ्यांना जमायचं. शीळ घालून, डोळ्यांनी न शोधता परत एकत्र यायचं मात्र जमेना. दोन दिवस सराव केला तेव्हा कुठं अकरापैकी आठ परत आले. ‘बाकीचे तीन कुठं गेले?’ असं मी विचारलं तर उत्तर आलं, ‘मुंगसानं खाल्ले.’

पण मी चुका केल्या त्याबद्दल बोलायला उभी आहे, म्हणून तिकडे येते.

पहिली चूक काळ्या गळ्याची. ऑगस्टमध्ये आम्हाला पावसाळी बटेरीची जोडी नीट दिसली. तिच्यात नराच्या गळ्यावर काळे-पांढरे पट्टे, छातीवर काळं. मादी साधी. मी फळ्यावर, म्हणजे आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर, कोळशानं लिहिलं: काळा गळा म्हणजे नर. पाच ओळींपूर्वी मीच काळ्या छातीच्या मादीचं सांगितलं होतं, पण नियम लिहायची हौस. म्हशीवाला मुलगा उठला, भिंतीजवळ गेला आणि माझ्या वाक्याखाली त्यानं लिहिलं: बोट मोज. बस, तेवढंच. आधी बोटं मोजायची, चार असतील तर काळा गळा नराचा, तीन असतील तर मादीचा. मी बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिते. अट आधी तपासायची आणि निष्कर्ष नंतर, हे मला सातवीतल्या मुलानं भिंतीवर लिहून दाखवलं. आईनं ती भिंत अजून सारवलेली नाही.

दुसरी चूक मोठी. मला वाटलं, मुलांना कायदा माहीत हवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फासा लावणं, पक्ष्याची अंडी उचलणं, घरट्याला त्रास देणं हेही शिकारच. मी चांगलं पोस्टर केलं, तुरुंगाचे गज वगैरे काढले. मुलं गप्प बसली. एकानं विचारलं, ‘मग बाजारात बटेरीची अंडी मिळते ते?’ प्रश्न चांगला होता. ती पाळलेली जपानी बटेर. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत आणली आणि तिथून देशभर पसरली. सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी देते, पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून ती अंड्यांवर बसणं जवळपास विसरली आहे. पिल्लं यंत्रात काढावी लागतात. हे सगळं मी सांगितलं, मुलं परत बोलती झाली, आणि मला वाटलं वर्ग झकास झाला.

दुसऱ्या दिवशी म्हशीवाला मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हशी दुसऱ्या वाटेनं जायला लागल्या.

मला उमगायला आठवडा लागला. मादी ओरडते हे त्याला कुठून माहीत होतं? मला पुस्तकातून कळलं, त्याला घरातून. आणि मी त्याच्या घराला सगळ्यांसमोर गज काढून दाखवले होते.

मी त्यांच्या घरी गेले. मुलगा आत निघून गेला. त्याचे आजोबा ओट्यावर बसले होते, सत्तरीच्या पुढचे. मी काय बोलावं हे न कळून म्हटलं, ‘आजोबा, तुमच्या नातवानं मला दुर्लावाबद्दल शिकवलं.’ ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मी कुणाची मुलगी हे पारखत असावेत. मग बोलले. तरुणपणी ते पिंजऱ्यात एक मादी ठेवून बांधीत ठेवत. ती ओरडे. तिचा आवाज ऐकून दुसरी मादी भांडायला धावत येई आणि अडके. नर कधीच नाही. ‘सगळ्या बायाच,’ ते म्हणाले. आणि मग, आवाज जरा खाली आणून: ‘पोटाशी रायत त्या. घरी येईतो थैलीतच अंडं पडे, बाई.’

त्यांनी हे सोडून बरीच वर्षं झाली होती. का सोडलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

नंतर मला जेर्डन वाचायला मिळाला. टी. सी. जेर्डन, इंग्रजांच्या फौजेतला डॉक्टर. १८६२ ते १८६४ मध्ये त्याचं भारतातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. दक्षिणेतले पारधी पिंजऱ्यात मादी ठेवून दुर्लावाच्या माद्या कशा धरतात, धरलेल्या सगळ्या माद्याच कशा निघतात आणि त्यांची अंडी पिशवीतच कशी पडतात, हे त्यात आहे. म्हणजे पुस्तकातलं ज्ञानही अशाच कुण्या आजोबाकडून गेलेलं. आपल्या मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोश’ केला तोही वनखात्याच्या नोकरीत रानातल्या माणसांना विचारत, ऐकत. आपल्या शाळेच्या वाचनालयात त्यांचं ‘रानवाटा’ होतं, निळ्या पुठ्ठ्यात बांधलेलं. मी ते दोनदा नेलं होतं आणि तरी माझ्या लक्षात हे आलं नाही की ज्याला सगळ्यात जास्त माहीत आहे तो वर्गात सगळ्यात घाबरलेला असू शकतो.

मुलगा परत आला, पण अट घालून. कुणाच्या घरी काय होतं हे बाईंनी विचारायचं नाही, कुणाचं नाव लिहायचं नाही. मी मान्य केलं. कायदा मी अजूनही शिकवते, पोस्टर मात्र फाडलं. आता सुरुवात थैलीत पडलेल्या अंड्यापासून करते, आजोबांना विचारून आणि त्यांचं नाव न घेता. एवढं ऐकल्यावर मुलं स्वतःच मोजायला लागतात: एक मादी गेली म्हणजे किती अंडी गेली, ती पुढे किती नरांकडे जाणार होती. हे गणित मी फळ्यावर कधीच पूर्ण करत नाही, ती करतात.

तिसरी चूक माझ्या धंद्यातली, म्हणून जास्त लागली. ऑक्टोबरमध्ये मी मुलांसाठी एक छोटं अॅप केलं. घरटं दिसलं की फोनवर एक बटण दाबायचं. तारीख, वेळ, फोटो आणि ठिकाण आपोआप नोंदलं जाई. चार घरचे फोन, अकरा मुलं. धान कापणीला आलं तोवर नकाशावर नऊ ठिपके होते. मी तो नकाशा कौतुकानं सगळ्यांना दाखवला, ऑफिसात, गावात, मुलांच्या पालकांना. एका संध्याकाळी बाहेरगावचा एक ओळखीचा माणूस आला, चहा घेतला, नकाशा बघितला आणि म्हणाला, ‘भारी केलं ताई, हे मला पाठवाल का?’ मी पाठवलं. खरंच पाठवलं.

आठवड्यानं मुलं सांगत आली की दोन घरटी रिकामी आहेत. पिल्लं निघून गेली असती तर टरफलं राहिली असती. टरफलं नव्हती. मुंगूस असेल, साप असेल, कापणीवाल्यांचा पाय पडला असेल. त्या माणसाचा काही संबंध होता असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काहीही नाही. पण रात्री झोप लागेना, कारण मी केलेला नकाशा नीट बघितला तर तो पक्ष्यांचा अभ्यास नव्हता, फासे कुठं लावावेत त्याची यादी होती. शिवाय कोणत्या फोनवरून नोंद झाली तेही त्यात होतं, म्हणजे कुठल्या घरच्या मुलाला घरटी सापडतात तेही. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी जगातली मोठी संकेतस्थळंसुद्धा ज्यांना शिकाऱ्यांचा धोका आहे अशा पक्ष्यांच्या नेमक्या जागा लोकांपासून झाकून ठेवतात. हे मला माहीत होतं. आमची बटेर तेवढी महत्त्वाची आहे असं मला वाटलं नव्हतं, एवढंच.

मी सगळ्या नोंदी पुसल्या. मुलं चिडली, त्यांच्या दोन महिन्यांच्या मेहनतीचं मी पाणी केलं होतं. आता घरट्याची नोंदच नाही. दिसलं तर मागे फिरायचं, दुसऱ्या वाटेनं. लिहायचं ते फक्त ऐकलेलं आणि उडालेलं: तारीख, आवाज किती, टोळीत किती, आणि जागा म्हणून ‘बोडीकडे’, ‘शाळेकडे’ एवढंच. कागदाच्या वहीत. अशा चार वह्या झाल्यात. मी पुण्याला परतल्यावरही मुलं त्या लिहितात आणि मी दोन महिन्यांतून एकदा येते.

आता आगीचं. तुम्हाला माहीत आहे, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि तो विस्तव रानभर पसरतो. जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्याचं घर, लपण आणि खाणं एकाच दुपारी जातं. जंगली लाव्याची उशिराची पिल्लं त्यात सापडतात. मुलांना मी जातकातली गोष्ट सांगितली. बुद्धाच्या पूर्वजन्माची: वणवा येतो, आईबाप उडून जातात, घरट्यातलं बटेरीचं पिल्लू उडू शकत नाही, चालू शकत नाही. ते सत्याची शपथ घेऊन अग्नीला मागे फिरायला सांगतं आणि आग तिथंच विझते. मला वाटलं मुलं भारावतील. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, खरं बोलून आग इझत नाही. झाडून घ्या लागते.’ तिची आजी मोहाखालचा पाचोळा खराट्यानं झाडून काढते, पेटवत नाही. तिचं झाड गावात सगळ्यात स्वच्छ. त्या वर्षी अकरापैकी चार घरांनी तसं केलं. बाकी सात घरांनी नाही केलं, कारण मोहफूल पहाटे वेचून उन्हाआधी घरी आणायचं असतं आणि झाडायला माणूस लागतो. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मी पहाटे उठून कुणाचं झाड झाडलं नव्हतं.

जाता जाता एक. मसुरी-नैनितालकडच्या डोंगरात एक हिमालयी बटेर होती. तिची शेवटची खात्रीची नोंद १८७६ ची. पुढे कुणाला दिसलीच नाही. ती जंगली लाव्यासारखी गवतात दबून राहणारी, पाय पडेपर्यंत न उडणारी. मुलांना हे ऐकून वाटलं की ती अजून असेल, कुणाचा पाय पडला नसेल. मी त्यांना हो-नाही काही म्हटलं नाही.

आणि आता ज्यासाठी विषय बदलून घेतला ते सांगते. आपल्या मेळाव्याचा निधी चांगला जमलाय. उद्याच्या बैठकीत शाळेच्या मागच्या पडीक जागेचा विषय आहे. प्रस्ताव असा की ती सपाट करून तिथं पेव्हर ब्लॉक बसवायचे, कडेला हिरवळ आणि मध्ये आपल्या बॅचच्या नावाची फरशी. मी प्रस्ताव वाचला, चित्रही बघितलं, सुंदर आहे. पण त्या पडीकेत कुसळी गवत आहे, तरोटा आहे, कुंपणाला बोराटी आहे, आणि मुलांच्या वहीत ‘शाळेकडे’ म्हणून लिहिलेली प्रत्येक ओळ तिथली आहे. मागच्या पावसाळ्यात तिथं तीनबोटी मादी ओरडत होती. सातवीचा वर्ग मोटारसायकल समजून खिडकीत गेला नाही, हे बाईंनी मला सांगितलं.

सगळी जागा सोडा असं मी म्हणत नाही. मुलांना खेळायला पुढचं मैदान कमी पडतं, हे मुख्याध्यापक सरांचं म्हणणं खरं आहे. माझं मागणं कुंपणालगतच्या वीस फुटांच्या पट्ट्याचं. तो कापायचा नाही, सव्वीस जानेवारीच्या सफाईत पेटवायचा नाही, तिथं फरशी लावायची नाही. फरशीला जागा कमी पडली तर आमच्या बॅचची नावं लहान अक्षरांत घ्या. माझं वगळलं तरी चालेल; मी कायम बाकाच्या कडेला बसायचे.

बैठक दहा वाजता आहे. मी आणि त्यातली पाच मुलं सहाला मागच्या फाटकापाशी असू. म्हशीवाला आता बारावीत आहे, तोही येतोय. या दिवसांत मादी ओरडेलच असं नाही, पण काल संध्याकाळी नळाजवळच्या ओल्या मातीत ठसे होते. बोटं तुम्हीच मोजा. पायात बूट घालून या, कुसळं फार टोचतात.